बुमपा जमिनीत ठेवायचाय? खड्डा सगळ्यात शेवटी

नागपुरात दर हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. तिथल्या एका आमा-लांशी (आमा म्हणजे आई, ला म्हणजे आपलं 'जी') माझी जुनी ओळख. एकदा गप्पांत शेताचा विषय निघाला. धानाचा उतारा दरवर्षी घटतोय, बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, पाणी टिकत नाही, भाऊबंदकीत धुऱ्यावरून (बांधावरून) भांडणं चालू आहेत, असं रडगाणं मी गायले. त्या सहज म्हणाल्या, "बुमपा रखो ना जमीन में." तिथून सुरू झालेलं काम तडीला जायला मला चौदा महिने लागले. त्यातले निदान सहा महिने चुका निस्तरण्यात गेले. तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

बुमपा म्हणजे कलश. त्यात धान्य, औषधी, मौल्यवान खडे, पवित्र जागांची माती आणि मंत्रांच्या गुंडाळ्या ठासून भरतात, तोंड बंद करतात, लामांकडून प्रतिष्ठा करून घेतात आणि तो जमिनीत ठेवून देतात. कायमचा. जमिनीत जाणाऱ्या कलशाला तेरबुम, म्हणजे निधीचा कलश, असंही म्हणतात. खोदून, उपसून, ओरबाडून थकलेल्या जमिनीचा कस परत यावा, तिथली भांडणं आणि रोगराई शमावी, ही त्यामागची प्रार्थना. आठव्या शतकात बौद्ध आचार्य पद्मसंभवांनी तिबेटात असे निधी ठेवले, असं परंपरा सांगते. अलीकडचं उदाहरण तिबेटी गुरू दिल्गो ख्येन्त्से रिन्पोचे (१९१०–१९९१) यांचं. त्यांच्या संकल्पातून शांती-कलश तयार झाले आणि ते जगभर वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीत आणि पाण्यात ठेवले जात आहेत.

१. आधी घरच्यांशी बोला

ही पायरी मी गाळली आणि पस्तावले. आमचं घर आंबेडकरी. गुंडाळ्यांचं सामान बघून बाबांनी विचारलं, "बावीस प्रतिज्ञा काय भिंतीवर लावायला घेतल्या होत्या का?" प्रश्न रास्त होता. या विधीत भूमीचे मालक मानलेले सादक येतात, पाण्यातले लू, म्हणजे नाग, येतात. देवाधर्माचं जोखड एकदा उतरवलेल्या माणसाला हे परत गळ्यात घालण्यासारखं वाटू शकतं.

यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नव्हतं, आजही नाही. मी नवस बोलत नाहीये, काही मागत नाहीये, एवढंच सांगितलं. तुमच्या घरी काय बोलायचं ते तुम्ही ठरवा, पण सामान आणण्याआधी बोला. शेत सामाईक असेल तर सातबाऱ्यावरच्या प्रत्येकाला सांगा. चुलत्यांना नंतर कळलं तर ते 'प्रार्थना' हा शब्द ऐकून घ्यायलाही थांबणार नाहीत, 'आमच्या हिश्श्यात काय पुरलं' इथूनच सुरुवात होईल.

२. मठ गाठा, तयार कलश की स्वतः भरायचा ते ठरवा

विदर्भातल्यांना लांब जायला नको. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. बाकीच्यांना कर्नाटकात बैलकुप्पे, हिमाचलात बीर किंवा धरमशाला. मात्र थंडीत वसाहतीत जाऊ नका. बरीचशी माणसं स्वेटरच्या सीझनला गावोगाव गेलेली असतात. लोसार, म्हणजे त्यांचं नवं वर्ष, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. त्याच्या आसपास सगळे परततात, पण सणाच्या धामधुमीत तुमच्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. लोसारनंतर पंधरा दिवसांनी जा. परदेशी पासपोर्ट असलेल्या नातेवाइकांना सोबत नेणार असाल तर तिबेटी वसाहतीत राहण्यासाठी लागणाऱ्या सरकारी परवान्याची चौकशी आधी करा.

मठात पहिला प्रश्न हा विचारा: तयार, प्रतिष्ठा झालेला कलश मिळेल का? मिळत असेल तर तो घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतः भरण्यात समाधान आहे, पण चुकायला जागाही भरपूर आहे. तयार कलश कधीही उघडायचा नाही, एवढं पाळलंत की झालं. त्या मार्गाने जाणाऱ्यांनी थेट पाचवी पायरी वाचावी.

मला ज्यांनी शिकवलं ते वयस्कर भिक्खू. त्यांना सगळे गेन-ला म्हणायचे, म्हणजे गुरुजी. पहिल्या भेटीत मी मुहूर्त विचारला तेव्हा ते हसले. "जल्दी क्या है? मिट्टी कहीं भागेगी नहीं."

३. सामान

भांडं: तांब्याचा नवा तांब्या, दीड-दोन लिटरचा, गळ्याशी निमुळता. वापरलेला चालत नाही. आतून कल्हई करून घ्या. रात्रभर पाणी भरून कागदावर ठेवा, सकाळी कागद कोरडा असेल तर भांडं पास. मातीचं मडकंही परंपरेला चालतं, पण आपल्या काळ्या जमिनीत ते का घालू नये ते पुढे येईलच.

पाच धान्यं: जव, गहू, तांदूळ, वाटाणा, तीळ. अखंड, न किडलेली, न भाजलेली.

पाच रत्नं: सोनं, चांदी, मोती, पोवळं आणि फिरोजा किंवा लाजवर्द. मठागणिक यादी थोडी बदलते. दाणा एवढासा पुरतो. माझं सोनं म्हणजे आईच्या मोडीतल्या नथीचा एक मणी होता. जे सराफाकडून घ्याल त्याची पावती घ्या. किनाऱ्यावरून उचलून आणलेलं प्रवाळ अजिबात नको. समुद्रातली बरीच प्रवाळं वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.

सुगंध: चंदन, केशर, कापूर, जायफळ. जुन्या याद्यांत कस्तुरी असते. ती कुणी काळ्या बाजारातून आणून देतो म्हणालं तर हात जोडा. कस्तुरीमृग १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सर्वात कडक संरक्षणाखाली आहे, आणि कोणाचा जीव घेऊन जमिनीसाठी प्रार्थना कसली करायची?

औषधी मठाकडूनच घ्या. पवित्र ठिकाणची माती चिमूटभर, पूर्ण वाळलेली.

शिवाय पाच रंगांचं रेशीम (निळं, पांढरं, लाल, हिरवं, पिवळं), एक खाता म्हणजे पांढरा उपरणा, मधमाश्यांचं मेण, राळ आणि पोकळ्या भरायला चंदनाची किंवा देवदाराची भुकटी.

काय घालू नये? चाकू, सुई, टोकदार काहीही. कातडं, हाड. प्लास्टिक. आणि जुनी नाणी-मूर्ती. शंभर वर्षांवरची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरचं हस्तलिखित १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरू शकतं. आजोबांच्या पेटीतली मूर्ती श्रद्धेने कलशात घालणारे लोक मी पाहिलेत. तिची जागा जमिनीत नाही.

४. मंत्र लिहिणं आणि कलश भरणं

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. मंत्रांच्या पट्ट्या मठातून छापील मिळतात किंवा तुम्ही छापू शकता. लेझर प्रिंटरवरच छापा. पट्ट्यांना केशराचं पाणी लावायचं असतं. माझ्या पहिल्या दोनशे पट्ट्या इंकजेटवरच्या होत्या. कुंचला फिरवला आणि 'ॐ मणि पद्मे हूँ' माझ्या डोळ्यांदेखत निळा ओघळ होऊन ताटात उतरला.

पट्टी वाळली की वरच्या कडेला लाल पेन्सिलीची बारीक रेघ मारा. गुंडाळी झाल्यावर वरचं टोक कुठलं ते कळत नाही, आणि मंत्र उलटा उभा राहता कामा नये. कुठल्या टोकाकडून गुंडाळायचं ते तुमच्या गुरूंना विचारा, परंपरेप्रमाणे यात फरक आहे. गुंडाळी घट्ट हवी, विडीसारखी, पण बोटाला थुंकी लावून नव्हे. पट्ट्या जमिनीवर ठेवायच्या नाहीत, ओलांडायच्या नाहीत. आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर अंथरून काम चालायचं.

तिसऱ्या दिवशी बाबा येऊन शेजारी बसले. छापील पट्ट्यांना त्यांनी हात लावला नाही. माझ्याकडून एक कोरी पट्टी मागितली, चष्मा चढवला आणि आपल्या शिक्षकी अक्षरात लिहिलं: ये धम्मा हेतुप्पभवा. बुद्धांचे शिष्य अस्सजी यांनी सारिपुत्ताला ऐकवलेली गाथा. जे काही आहे ते कारणांतून उपजतं, आणि त्या कारणांचा निरोधही तथागतांनी सांगितला. बाबा म्हणाले, "हे घाल. हे मला मान्य आहे." गेन-लांना ती पट्टी दाखवली तर ते उठूनच उभे राहिले. ही गाथा, संस्कृतात, त्यांच्या यादीत पहिलीच होती. तिबेटात ती मातीच्या छोट्या मुद्रांवर, त्सात्सांवर, उठवून स्तूपांत ठेवतात. आपल्या कान्हेरीच्या लेण्यांतही बुद्धप्रतिमा उमटवलेल्या तशाच मातीच्या मुद्रा १८५३ मध्ये सापडल्या आहेत. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते फक्त 'हं' म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी वीस पट्ट्या लिहून ठेवल्या होत्या.

भरताना मोठी चूक होते ती ओलाव्याची. धान्य चार कडक उन्हं खाल्लेलं हवं. मी घरच्या डब्यातले तांदूळ तसेच घातले. प्रतिष्ठेला महिना होता म्हणून तोंड कापडाने बांधून कलश कपाटात ठेवला. उघडला तर आत भुरी आणि पोरकिडे. सगळं उपसलं. भिजलेल्या पट्ट्या गेन-लांनी मंत्र म्हणत जाळायला लावल्या, राख वाहत्या पाण्यात सोडली आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

भरण्याचा क्रम गुरू सांगतील. माझ्याकडून एवढंच: कलश हलवला तर आवाज येता कामा नये. प्रत्येक थरावर चंदनाची भुकटी टाकून लाकडी दांड्याने हलकेच ठासा.

मग प्रतिष्ठा, तिबेटीत राबने. आमची साडेतीन तास चालली. मठाला दक्षिणा किती, हे विचारायला लाजू नका. पाकिटात घालून द्या, सामानाचा खर्च वेगळा धरा. त्यानंतर मेण आणि राळ वितळवून तोंड बंद करायचं, रेशीम बांधायचं, खाता गुंडाळायचा. वितळवताना राळ पेट घेते. भांडं थेट विस्तवावर ठेवू नका, गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा.

सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना दगडी पेटीत तांब्याचा करंडक मिळाला. त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. त्या सोन्याच्या करंडकात बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे होते. शतकानुशतकं टिकलेलं ते पॅकिंग आहे. आपल्याला एवढं नको, पण एका आवरणावर विसंबू नका. मी तांब्याभोवती कडाप्प्याच्या फरश्यांची चौकोनी पेटी केली.

५. प्रवासात

रेल्वेने न्या. विमानतळावर धातूच्या बंद भांड्यात काय आहे ते एक्स-रेत नीट दिसत नाही, आणि उघडून दाखवा म्हटलं तर तुमचे सहा महिने पाण्यात. विमानाशिवाय गत्यंतर नसेल तर मठाचं पत्र, आतल्या वस्तूंची यादी आणि भरतानाचे फोटो हाताशी ठेवा. तरीही उघडायला लावणार नाहीत याची हमी कोणी देणार नाही.

परदेशात न्यायचा विचार असेल तर तो सोडा. माती आणि अखंड धान्य, दोन्ही बहुतेक देशांत सीमेवरच अडतात. ऑस्ट्रेलियात तर याबाबत फार कडक आहेत. त्या देशातल्या मठात, तिथल्याच धान्याने आणि मातीने भरलेला कलश घ्या.

६. जागा

पुढच्या पन्नास वर्षांत इथे कोणी खणेल का, हा एकच प्रश्न धरून चला. रस्त्याकडेची जागा नको, रुंदीकरण होतं. विहीर, बोअर, पाइपलाइन, विजेचा खांब यांच्यापासून दूर. आमच्या भागात इटियाडोह धरणाचे कालवे आहेत, म्हणून पाटचाऱ्यांच्या आखणीत जागा येत नाही ना, तेही पाहिलं.

धानाची बांधी नको. चार महिने पाण्यात असते आणि चिखलणीला ट्रॅक्टर आत उतरतो. काळ्या कन्हार जमिनीत तर विशेष काळजी घ्या. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या ओढाताणीत मडकं तडकतं, म्हणून मघाशी मातीचं भांडं नको म्हटलं. बरड किंवा मुरमाड उंचवटा उत्तम. मी बोडीजवळचा रुंद धुरा निवडला, कारण नागांसाठी पाण्याची जवळीक चांगली, असं गेन-लांनी सांगितलं होतं.

वनजमीन, अभयारण्य, सरकारी पडीक यांच्या वाटेला जाऊ नका. लेणी आणि स्तूपांचा मोह तर मुळीच नको. केंद्र-संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि पुढचे दोनशे मीटर परवानगीचे. खुद्द स्मारकाच्या आवारात फावडं मारणं हा गुन्हाच. कार्ल्याला बुमपा ठेवायची कल्पना कितीही सुंदर वाटली, तरी तिथे आधीच पुष्कळ कोणी ठेवून गेलंय.

७. कागद आणि गावकरी

जवळ ठेवा: सातबाऱ्याचा ताजा उतारा, सहहिस्सेदारांची लेखी संमती, मठाचं पत्र, सराफाच्या पावत्या, वस्तूंची यादी, फोटो.

गुप्तधन हा शब्द गावात एकदा फिरला की रात्री कुदळी निघतात. म्हणून लपवाछपवी करू नका. काम दिवसाढवळ्या करा, पोलीस पाटलांना आधी सांगा, शेजाऱ्यांना बोलवा, वस्तूंची यादी वाचून दाखवा. गुप्तधनाच्या नावाखाली होणाऱ्या अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तुमच्या प्रार्थनेला त्याची आडकाठी नाही, पण अर्धवट ऐकलेल्या माणसाने तक्रार ठोकली तर हेलपाटे तुमचेच.

दुसरी गंमत १८७८ च्या निधी कायद्याची. जमिनीत दडवलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू कोणाला सापडली तर त्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असतं. उद्या तुमचा कलश कोणाच्या फाळाला लागला तर त्याची पंचाईत नको, म्हणून पेटीच्या झाकणाखाली तांब्याची पट्टी ठेवा. माझ्या पट्टीवर तारीख, 'प्रार्थनेचा कलश, गुप्तधन नाही, कृपया परत झाका' एवढं कोरलंय.

८. दिवस आणि खड्डा

धरमशालेच्या मेन-त्सी-खांग संस्थेचं तिबेटी पंचांग दरवर्षी निघतं. नागांसाठी चांगले-वाईट दिवस मठात त्यावरून काढून देतात. खणायला सुरुवात कुठल्या बाजूने करायची तेही तेच सांगतात. आपल्याकडे पायाभरणीला शेषाचं तोंड बघतात, तसंच काहीसं. नागपंचमीला आमच्याकडे कोणी जमिनीला नांगर लावत नाही, हे मी सांगितलं तेव्हा गेन-लांना फार आनंद झाला होता.

सागा दावा हा बुद्धांच्या स्मरणाचा महिना साधारण मे-जूनमध्ये येतो आणि सगळ्यांना तोच हवा असतो. पण मे महिन्यात आमची जमीन पहारीलाही दाद देत नाही, आणि जूनमध्ये खड्ड्यात पाणी. मी गेन-लांकडून जानेवारीतली तिथी मागून घेतली. धान निघालेलं असतं, जमिनीत ओल असते, गडी मोकळे असतात.

खणण्याआधी धूप जाळायचा, ज्याला ते सांग म्हणतात, आणि दूध-दही-तूप, साखर-मध-गूळ ठेवून जमिनीची परवानगी मागायची. मांस आणि दारू त्या दिवशी शेताच्या आसपासही नको. गड्यांच्या रात्रीच्या पार्टीचं आधीच बोलून घ्या, दुसऱ्या दिवशी करा म्हणावं.

खोली निदान साडेतीन फूट. पलटी नांगर फूटभर जातो, पण धुरे सपाट करायला जेसीबी येतो तेव्हा दोन फूट सहज निघतात. तळाला मुरूम ठोका, फरशीची पेटी बसवा, कलश उभा ठेवा. कलशाची दर्शनी बाजू कुठल्या दिशेला ठेवायची हे विसरू नका, मठातून येताना पेनाने फरशीवर खूण करून आणा. चारी बाजूंनी मुरूम ठासा, झाकण, वर माती. माती निघाली त्याच क्रमाने परत भरा, नाहीतर पहिल्याच पावसात तिथे खळगा पडतो.

९. नंतर

वर चौथरा, झेंडा, पाटी काही नको. खुणेची जागा म्हणजे खणायला निमंत्रण. सातबाऱ्याच्या फायलीत एक कागद ठेवा: बोडीच्या कोपऱ्यापासून किती पावलं, कुठल्या दिशेला. फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. फोनमधला फोटो ठिकाणासकट जातो.

उकरून बघू नका. 'पाणी तर नाही ना गेलं' हा किडा पहिल्या पावसाळ्यात प्रत्येकाच्या डोक्यात वळवळतो. माझ्याही वळवळला. छत्री घेऊन दोनदा धुऱ्यावर जाऊन आले, खळगा पडला नव्हता, परत आले.

उतारा वाढला का, असं सगळे विचारतात. मी मोजत नाही. बोडीचा गाळ आम्ही त्याच वर्षी काढला आणि युरिया निम्म्यावर आणला, त्यामुळे कशाचं श्रेय कोणाला, हे सांगता येणार नाही.

वर मोठं झाड मात्र लावू नका, मुळं पेटी फोडतात. आमच्याकडे धुऱ्यावर तुरी लावायची पद्धतच आहे. यंदा बाबांनी त्या जागेवर तुरीच्या दोन ओळी टोकल्या, पावलं स्वतः मोजून.